भट्टी विझवायचा हुकूम

३ तारीख, सोमवार

धाकटे, आधी सांग, तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस, की अजून बसून एकेक पायरी सरकतेस? मेहुण्यांचा खोकला थांबला का, की औषध अजून कुंडीतल्या झाडालाच पाजतात? तुझ्या सासूबाईंना ऐकू येऊ लागलं का? मागे तर आपण कुजबुजलो तेवढंच त्यांना नीट ऐकू येत होतं. थोरलीचे दिवस भरत आले असतील, तिला जिन्यावर एकटी सोडू नकोस. बारक्याचं प्लास्टर निघालं का? आणि ती एका डोळ्याची मांजर? तिचंही लिही, विसरू नकोस.

लढाईमुळे टपाल आता महिन्यातून एकदा लष्कराच्या गाडीनं जातं. म्हणून रोज सुचेल ते वहीत लिहिते, मग पानं फाडून एकदम पाठवीन. वाचून झालं की शेगडीत घाल. यात मी लोकांना नावं ठेवणार आहे.

इकडे तुझा भाचा लष्कराची गाडी चालवतो आहे आणि धडधाकट आहे असं त्यानंच लिहिलंय. आईला दुसरं काय लिहिणार म्हणा. सूनबाई बेकरीचं दुकान सांभाळते. मी बरी आहे. बरी नाही ती भट्टी.

आज पहाटे भट्टीमामा मला हात धरून मागे घेऊन गेले. तुला आठवतात ना, तुझे भावोजी गेल्यापासून आमची भट्टी तेच बघतात, म्हणून सगळे त्यांना भट्टीमामाच म्हणतात. कमानीच्या वरच्या विटांतून धूर येत होता, जिथून कधी यायचा नाही तिथून. गवंड्याला बोलावलं. त्यानं कान लावला, टकटक केलं आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. म्हणाला, "तडा आतून आहे. नवी कमान घालावी लागेल. आणि एक ध्यानात ठेवा, आत्ता ही गरम आहे, विटा फुगलेल्या आहेत, म्हणून एकमेकींना धरून उभ्या आहेत. थंड झाली की आकसतील आणि कमान बसेल."

लग्न होऊन आले तेव्हापासून ही भट्टी विझलेली मी पाहिली नाही. रात्री निखारा राखतो, पहाटे फुलवतो. इस्पितळाचा सगळा पाव इथून जातो. 

४ तारीख, मंगळवार

बँकेत गेले. आगीच्या विटा लढाईनं इतक्या महाग झाल्यात की कर्जाशिवाय भागणार नाही. पूर्वी मॅनेजरसाहेब चेहरा बघून कर्ज द्यायचे. माझा चेहरा त्यांना पाठ आहे.

आता तिथं खिडकीशी एक लहानसं टेबल मांडलंय. त्यामागं सरकारनं बसवलेला एक तरुण तपासनीस. लढाई आहे तोवर बँकेनं कुठल्या धंद्याला पैसे द्यायचे आणि कुठल्याला नाही, हे तो बघणार. त्याची सही नसेल तर मॅनेजर स्वतःच्या सख्ख्या भावालाही कर्ज देऊ शकत नाही म्हणे. माणूस काडीसारखा, चष्मा जाड, हसणं बहुतेक सरकारजमा केलेलं.

माझ्या पुढे आमच्या शेजारचा कौलवाला उभा होता. त्याला तपासनीसानं सांगितलं, "कौलांना सध्या कर्ज नाही. आत्ता घरं पडताहेत, बांधत कुणी नाही."

कौलवाला वळून मला म्हणाला, "या बाई, तुमचीही हजामत करून घ्या."

मी म्हटलं, "तुमच्या कौलांची धूळ पावावर बसायची तरी थांबेल."

"आणि तुमच्या धुरानं माझी ओली कौलं काळी होतात त्याचं काय?"

हे भांडण आमचं भिंत बांधल्यापासूनचं. पण खरं सांगते, बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं. दाखवलं नाही.

तपासनीसानं माझं ऐकून घेतलं. पाव गरजेचा आहे, म्हणून नाही म्हणाला नाही. "तडा मी डोळ्यांनी बघेन," एवढंच बोलला.

७ तारीख, शुक्रवार

आला. पहाटेच आला, पाव भट्टीत असताना. चष्म्यावर वाफ धरली, तो पुसायला रुमाल काढला तर रुमालालाही पीठ.

"तडा कुठे आहे?"

"आत," भट्टीमामा म्हणाले. "डोकं घालून बघा. मिशा परत काढाव्या लागणार नाहीत."

तो हसला नाही. त्यानं पाहणी करायला भट्टी थंड हवी म्हणून सांगितलं. मी म्हटलं, थंड केली की पडेल. तो म्हणाला, न बघता सही करता येत नाही. मी म्हटलं, मग विझवते, बघा, आणि पैसे द्या. तर त्यावर काय म्हणावं? "पाहणीच्या दिवशी धंदा चालू असला पाहिजे. बंद पडलेल्या धंद्याला कर्ज नाही."

धाकटे, तूच सांग आता! गरम ठेवली तर दिसत नाही, थंड केली तर धंदा बंद. मी त्याला म्हटलं, "साहेब, हा नियम ज्यानं लिहिला त्याच्या घरी पाव कोण भाजतं?" जाताना त्यानं एक पाव विकत घेतला, पैसे मोजून दिले. मला तर वाटलं, टोमणाच मारला.

भट्टीमामांनी त्याचं नाव ठेवलंय 'शिक्का'.

८ तारीख, शनिवार

जगात देवमाणसं आहेत. मॅनेजरसाहेब स्वतः बेकरीत आले! पेट्रोल कुणाला मिळत नाही, तर बिस्किट कारखान्याच्या मालकानं त्यांना आपल्या मोटारीतून आणलं. वाटेत सहज भेटले म्हणे. मालकही आत येऊन बसले.

"माई, या वयात कशाला त्रास?" मॅनेजर म्हणाले. किती मायेनं बोलतात! "हे विकत घ्यायला तयार आहेत. जागा आणि तुमचा सरकारी पिठाचा वाटा, दोन्ही. बँक यांना उद्याच्या उद्या पैसे देईल. लष्कराला बिस्किटं लागतात, त्या तपासनीसालाही नाही म्हणता येणार नाही."

मालकांनी भट्टीकडे पाहिलंही नाही. पिठाच्या कोठाराकडे मात्र टक लावून होते. धंद्यातला माणूस, माल आधी बघतो.

मी विचार करून सांगते म्हटलं. ते गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, इस्पितळातल्यांना पाव कोण देणार मग? जखमी माणसं बिस्किटं चघळत बसणार का?"

तिचं खरं आहे. पण भट्टी कोसळली तर जागाही कुणी घेणार नाही. 

११ तारीख, मंगळवार

शिक्का पुन्हा आला. काही काम नव्हतं, तरी स्टुलावर बसला. मी मनात म्हटलं, आणखी काय राहिलंय? इकडचं तिकडचं विचारू लागला. मॅनेजर आले होते का, कुणाबरोबर, जागेबद्दल काय म्हणाले, पिठाच्या वाट्याबद्दल काय म्हणाले. मी सगळं सांगितलं, मोटारीसकट. लपवायचं काय त्यात? उलट म्हटलं, "साहेब, त्यांच्याकडून शिका जरा. माणुसकी असावी तर अशी." त्यानं मान हलवली आणि आणखी एक पाव घेतला. त्याला एक पाव पुरतो कसा, कोण जाणे. बारीक आहे म्हणून पुरत असेल.

मग त्यानं खिशातून नियमाचा कागद काढला आणि मला वाचून दाखवू लागला. "पाहणीच्या दिवशी धंद्यातून नेहमीचा माल, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे गेला पाहिजे."

मी म्हटलं, ऐकलं.

त्यानं परत वाचलं. हळू. "माल. गेला. पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, मला ऐकू येतं. बहिरी माझ्या बहिणीची सासू आहे."

तरी तिसऱ्यांदा वाचलं! आणि सूनबाईकडे बघत म्हणाला, "भट्टीचं यात काही लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं." काय हा माणूस. स्वतःच्याच कागदातल्या चुका मला दाखवतो. सरकार यांना पगार कशाचा देतं?

१२ तारीख, बुधवार

रात्रभर सूनबाईला झोप नव्हती, सकाळी चहा टाकताना कप खाली ठेवून ओरडलीच. "आई! पाव निघाला की झालं! आपल्याच भट्टीतून निघाला पाहिजे असं कुठं आहे?"

"मग कुठून निघणार? आकाशातून?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे कौलवाल्याचा आवा, कौलं भाजायची त्याची मोठी भट्टी. धंदा बसल्यानं थंडगार पडलेला.

मी हात जोडले. त्या माणसाकडे मी भीक मागायला जाणार नाही, म्हटलं. सूनबाई म्हणाली, मग मी जाते. मी म्हटलं, तू गेलीस तर तो दहा अटी घालेल. शेवटी मीच गेले, पदर खोचून.

तो दारात बसून एक कौल फडक्यानं पुसत होता. विकायचं नाही, तरी पुसत होता.

"बाई, आज धूर कमी आहे," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि मला वाटलं आता टोमणा येणार. तो म्हणाला, "आवा भट्टीपेक्षा तिप्पट तापतो. पावाचा कोळसा होईल."

"ते आम्ही बघू."

"आणि धूळ?"

"तीही आम्हीच खाऊ. इतकी वर्षं खातोच आहोत."

"बरं," तो म्हणाला, "माझ्या दोन अटी. सकाळचा पहिला पाव मला. आणि त्याबरोबर एक गोड शब्द."

"पाव मिळेल," मी म्हटलं आणि निघाले. मागून हसल्याचा आवाज आला.

१५ तारीख, शनिवार

परवा पहिला घाणा: कोळसा. भट्टीमामांनी एक पाव उचलून भिंतीवर आपटला, तो उडून परत आला. काल दुसरा घाणा: बाहेरून काळा, आतून पीठ. कौलवाल्याच्या तोंडाकडे बघवेना. त्यानं आव्याला आतून चुना लावून पांढरं केलं होतं, खास आमच्यासाठी. स्वतः इस्त्रीचा सदराही घालून आला होता. भट्टीजवळ इस्त्रीचा सदरा! म्हातारपणी माणसाची बुद्धी चालत नाही, दुसरं काय.

मग त्यानंच सांगितलं. "कौलं आम्ही चढत्या आगीवर भाजतो. तुम्ही उलट करा. संध्याकाळी आवा पेटवायचा, मग लाकूड घालायचं थांबवायचं. पहाटेपर्यंत उष्णता उतरत येते. उतरत्या आगीवर भाजा."

भट्टीमामांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच माणूस असल्यासारखं पाहिलं.

आज पहाटे उतरत्या आगीवर घाणा लावला. लाकडी फावडं आत गेलं, आणि आम्ही सगळे लहान मुलांसारखे तोंडाशी वाकून उभे. पाव फुगले. सोनेरी झाले! खालून जरा मातीचा वास आहे, पण सूनबाई म्हणते तो चांगलाच लागतो. मला वाटतं ती कौलवाल्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मी एक तुकडा परत खाल्ला. चांगला लागतो.

१७ तारीख, सोमवार

आज भट्टी विझवली. गुरुवारी शिक्का पाहणीला येणार, तोवर ती थंड व्हायला हवी; पाव आता आव्यातून.

निखारे भट्टीमामांनी ओढून काढले. मी त्यांना म्हटलं, मला द्या ते फावडं. मग शेवटचा निखारा मी काढला. त्यांनी तोंड फिरवलं, डोळ्यांत राख गेली म्हणाले. माझ्याही गेली.

कर्ज नाही मिळालं तर यापुढं इथं काहीच उरत नाही, धाकटे. घर उरेल, पण कामाला उठायचं कशासाठी? लढाईत लोकांचं काय काय गेलंय, आणि मी एका विटेच्या कमानीसाठी रडते आहे. पण रडले.

रात्री विटा आकसताना कुरकुरत होत्या. झोपेत कुणी दात खावेत तशा.

२० तारीख, गुरुवार

लिहायला हात पुरत नाहीत! क्रमानं सांगते.

पहाटे कौलवाल्याच्या आव्यातून घाणे निघाले. एक, दोन, तीन, सगळे सोनेरी. गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन, मधल्या भिंतीला आम्ही पाडलेल्या खिडकीशी उभ्या राहिल्या, हातोहात पाव आमच्या दुकानात आले, तिथून हातगाडीवर. इस्पितळाचा माणूस नेहमीच्याच वेळी आला, मोजून घेऊन गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही! नुसतं म्हणाला, "आज वास काय छान येतोय."

तेवढ्यात शिक्का आला. बरोबर मॅनेजरसाहेब, आणि बिस्किटवाले मालकही. मॅनेजर आत येताच म्हणाले, "अरे अरे, माई, भट्टी थंड! धंदा बंद पडला म्हणायचा. फार वाईट वाटतं." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, घाम फुटला होता.

शिक्क्यानं विचारलं, "इस्पितळाचा पाव गेला का?"

"आत्ताच गेला," सूनबाई म्हणाली.

"नेहमीच्या वेळी?"

"इस्पितळाच्या गेटवरच्या शिपायाला विचारा."

त्यानं शिपायाकडे माणूस पाठवलाही! उत्तर येईस्तोवर बिस्किटवाले हसत उभे होते. उत्तर आलं, हसणं थांबलं.

मग शिक्क्यानं कोट काढला, घडी केला, सूनबाईच्या हातात दिला. कंदील घेतला आणि पोटावर सरपटत भट्टीत शिरला. नुसते बूट बाहेर. भट्टीमामा म्हणाले, "आता गरम करावी का?" मी त्यांना चिमटा काढला.

आतून आवाज आला, "तडा दिसला. खालपर्यंत आहे. गवंडी खरं बोलला." थोडा वेळ गेला. "आणखी एक आहे. डावीकडे."

मग विटा कुरकुरल्या. तोच आवाज. मी ओरडले, "बाहेर या!" भट्टीमामांनी एक बूट धरला, कौलवाल्यानं, इस्त्रीच्या सदऱ्यासकट, दुसरा धरला, आणि दोघांनी मुळा उपटावा तसं साहेबांना ओढून काढलं. ते जमिनीवर आले आणि मागे कमान बसली. धडाम! सगळी बेकरी लाल धुळीनं भरली. कुणी कुणाला दिसेना.

धूळ बसली तेव्हा शिक्का बसलेला, चष्मा नाही, तोंड काळं, केसांत विटेचा चुरा. खोकला. मग म्हणाला, "पाहणी पूर्ण झाली." आणि हसला, धाकटे! दात दिसले! सगळी गल्ली हसत सुटली. मी पदरानं त्याचं तोंड पुसलं, तो लेकरासारखा पुसून घेत होता.

तिथंच पिठाच्या फळीवर कागद ठेवून सही केली. कर्ज मंजूर! शाई पिठात पसरली, त्यानं फुंकर मारली. मॅनेजरांनी आपली सही करताना दोनदा पेन खाली पाडलं.

२४ तारीख, सोमवार

वाईट बातमी. मॅनेजरसाहेबांना तडकाफडकी मुख्य कचेरीत बोलावलं आणि तिथूनच घरी बसवलं म्हणतात. बिस्किटवाल्यांचं कर्जही रोखलं, त्यांच्या कोठारात किती पीठ आहे आणि ते कुठं जातं हे सरकारचे लोक मोजताहेत. एवढ्या चांगल्या माणसांवर काय वेळ आली. मी शिक्क्याला विचारलं, काही चूक झाली का हो त्यांच्याकडून? तो म्हणाला, "आजी, तुमची मदत झाली, एवढंच सांगतो." माझी कसली मदत? मी तर त्यांची तारीफच केली होती.

मॅनेजरांच्या घरी सहा पाव पाठवले. परत आले.

या महिन्याची टपालाची गाडी चुकली. बरंच झालं, अर्धीच गोष्ट गेली असती.

पुढच्या महिन्याची १४ तारीख, रविवार

धाकटे, नवी भट्टी पेटली!

गवंड्यानं आठवडाभर नुसती गवताची धग दिली, मग काटक्या, मग लाकूड. कमान एकदाही कुरकुरली नाही. काल रात्री पाव भाजायच्या आगीची पहिली काडी भट्टीमामांनी मला लावायला दिली. मी सूनबाईला दिली. तिनं लावली, आणि आग अशी सरसर आत गेली की जणू तिला घर ठाऊक होतं.

गल्ली जमली होती. इस्पितळाची मोठी डॉक्टरीणबाईही आली. मागच्या आठवड्यात तीच स्वतः सांगून गेली होती, जखमी वाढलेत, दुप्पट पाव हवा. दुप्पट कसा देणार म्हणून मी विचारात पडले, तर शिक्का म्हणाला, "आवा आहेच की." दुसऱ्या दिवशी कौलवाल्यालाही कर्ज मंजूर! कागदावर त्याच्या धंद्यापुढं 'पाव' असं लिहिलं. कौलवाला तो कागद उलटसुलट करून बघत होता. "जन्मभर माती भाजली," म्हणाला, "आता सरकार म्हणतं मी बेकरीवाला." मी म्हटलं, "मग आता शिकायला या रोज पहाटे." तो येतो. न चुकता, सगळ्यांच्या आधी. माणूस कामाला बरा निघाला.

भिंतीतली खिडकी आम्ही मोठी करून दार केलं. गवंड्यानं तेवढ्याचे पैसे घेतले नाहीत, दोन पाव घेतले.

आज पहाटे दोन्हीकडून घाणे निघाले. तिकडे आव्याचे, इकडे नव्या भट्टीचे. टोपल्यांवर टोपल्या. मी मधल्या दारात उभी होते, दोन्ही गालांना धग लागत होती, आणि सगळे ओरडत होते, "आजी, बाजूला व्हा, पाव जाऊ द्या!" मी बाजूला झाले नाही. बघत उभी राहिले. शेवटी सूनबाईनं मला उचलूनच बाजूला केलं, आणि गाड्या हसत हसत निघाल्या, दोन गाड्या, इस्पितळाकडे.

आता ही पानं फाडते आणि उद्याच्या गाडीत घालते. हातात पडली की तशीच बस आणि लिहायला घे. 'सगळे बरे आहेत' असं एका ओळीत उरकलंस तर माझ्याशी गाठ आहे. एकेकाचं वेगळं लिही, गुडघ्यापासून मांजरापर्यंत, आणि येत्या गाडीनंच पाठव. मी दारात उभी आहे.